घरगाडीची शिडी

सोमवार, ता. ३

टँकरवर होतो तेव्हा रोज लॉगबुक भरावं लागे. किती वाजता निघालो, कुठे थांबलो, टाकीचं सील कोणी तोडलं, सगळं. अडतीस वर्षं दूध वाहिलं, एक पान कोरं ठेवलं नाही. निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखं काही घडेना म्हणून सोडलं. आता दारात पुन्हा गाडी उभी आहे, म्हणून ही वही. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यातही सातवीत दोनदा बसलो. तेव्हा चुका निघाल्या तर त्या एकट्या माझ्या नाहीत, थोड्या गुरुजींच्याही आहेत.

गाडी म्हणजे घरगाडी. मोटारहोम म्हणतात. आत पलंग, शेगडी, एवढीशी मोरी आणि घडीचं टेबल. वापरलेली आहे, पण इंजिन मी कान लावून ऐकलं आहे. हिच्या, म्हणजे बायकोच्या, मोठ्या बहिणीकडे जायचं म्हणून घेतली. ताई समुद्राकाठी एका खोलीत राहते, इथून दोन दिवसांचा रस्ता. खोलीत आम्ही दोघं मावत नाही, अंगणात गाडी मावते. ताईचे डोळे चालले आहेत. डॉक्टरांनी सांगितलं आहे की अजून दोनेक महिने माणूस ओळखू येईल, नंतर नुसता उजेड आणि अंधार. ही रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "तिला मी एकदा नीट दिसायला हवी. मग पुढचं पुढे."

हा महिना संपायच्या आत पोचायचं ठरलं. आणि शनिवारच्या पावसात छत गळलं. नेमकं हिच्या उशीवर. छतात हवेसाठी झडप आहे, तिच्या चौकटीभोवतीचा जुना सीलंट वाळून फाटला असणार. आतून काही करता येत नाही. वर जाऊन खरवडायचा आणि नवा भरायचा. पण वर जायला शिडी नाही. गाडीच्या पाठीला एक जोडलेली होती, ती आधीच्या मालकाने काढून टाकली, आता बुजवलेली भोकं तेवढी आहेत.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो परगावी असतो. म्हणाला, तुम्ही चढायचं नाही, मी सोळा तारखेला रविवारी येतो, मी करतो. मी म्हटलं, अडतीस वर्षं टँकरच्या डोक्यावर चढत होतो तेव्हा तू कुठे होतास. त्यावर हसला आणि म्हणाला, मग सोळाला चढूनच दाखवा, ज्याला स्वतःच्या गाडीचं छत गाठता येत नाही त्याच्या हातात मी आईला दोन दिवसांच्या रस्त्यावर देणार नाही. हसत म्हणाला खरा. पण हा लहानपणापासून खरं ते हसतच सांगतो.

म्हणजे सोळाच्या आत शिडी आणि छत, दोन्ही.

मंगळवार, ता. ४

छताची उंची मोजली. साडेनऊ फूट. शेजारचे मास्तर कुंपणावरून बघत होते. निवृत्त झाले तरी शिकवायचं सुटलेलं नाही. म्हणाले, शिडी छताच्या कडेपाशी संपता कामा नये, वर तीन फूट तरी जायला हवी, नाहीतर उतरताना धरायला काय, आकाश? आणि चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने पाया लांब ठेवायचा. साडेनऊला किती, असं मलाच विचारलं. मी बोटं मोजेपर्यंत स्वतःच सांगितलं, अडीच फुटांना जरा कमी. "सातवीत लक्ष दिलं असतंत तर ही वेळ आली नसती, ड्रायव्हरसाहेब."

वाटेत पुन्हा गळलं तर शिडी बरोबर हवी, म्हणून मागच्या कप्प्याची लांबी मोजली. पुरती तीन फूट नाही. म्हणजे बारा फूट लांब होणारी आणि तीन फुटांत मावणारी शिडी हवी. अशी शिडी असते का, कोण जाणे. मास्तरांची अख्खी शिडी आहे, ती भिंतीला टेकवायला चांगली, पण ती बरोबर न्यायची तर गाडीला तिच्या मागून चालावं लागेल.

ती बघून परत येताना मास्तर म्हणाले, पाय उचलून टाकत जा, रस्ता झाडायला माणूस नेमलेला आहे. माझ्या चपला सैल झाल्या आहेत. नव्या घ्यायला हव्यात.

गुरुवार, ता. ६

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवतात. चष्मा कपाळावर आणि शोधत असतात गल्ल्यावर. मी मापं लिहून नेली होती, तो कागद त्यांनी उजेडात धरला आणि म्हणाल्या, "आजोबा, हे लिहिलंय की मुंग्या लागल्यात?" पेनाची निब बारीक आहे, असं सांगितलं. शिवाय मला काका म्हणा. त्या म्हणाल्या, काका म्हणते, पण चढा आजोबांसारखं.

त्यांनी एकात एक सरकणारी शिडी दाखवली. मिटली की मांडीएवढी, ओढली की साडेबारा फूट. एकेक पायरी ओढायची, ती जागेवर बसली की टक्क असा आवाज येतो. तेरा पायऱ्या, बारा वेळा टक्क. एक जरी टक्क चुकला तरी चढायचं नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मिटवताना बोटं दांड्यांवर ठेवायची नाहीत, सापडली तर सुपारी कातरल्यासारखी कातरतात. पायांना रबर आहे. गाडीचं अंग गुळगुळीत, म्हणून वरच्या टोकांनाही रबराच्या टोप्या घालून दिल्या. वजन पाण्याने भरलेल्या बादलीएवढं.

मला पसंत पडली नाही. जी वस्तू पोकळ नळ्यांत नळ्या घालून केली आहे तिच्यावर माणसाने का विसंबावं? पण दुसरी सोमवारशिवाय येणार नव्हती, म्हणून नेली. पटली नाही तर परत आणा म्हणाल्या.

घरी चहा दिला तो बशीत सांडला. ही कप काठोकाठ भरते. किती वर्षं सांगतो आहे.

शुक्रवार, ता. ७

शिडी हलते.

सकाळी गाडीला लावली. बारा टक्क मोजले. पाया अडीच फूट. हिला खाली धरायला उभं केलं. पहिल्या तीन पायऱ्या ठीक. चौथीवर जरा थांबलो, कारण टँकरवर चढताना आम्ही मध्ये एकदा थांबून खाली बघायचो, कोणी व्हॉल्व्हशी खेळत नाही ना. थांबलो आणि शिडी थरथरायला लागली. वरून नाही, खालून. पायांच्या तळव्यांत कळलं.

या बाबतीत मला कोणी शिकवू नये. गाडीचा दोष मी नेहमी पायांतूनच ओळखला आहे. एकदा रिकामा टँकर घेऊन येताना क्लचच्या पेडलला बारीक थरथर लागली, मी तिथेच बाजूला उभा केला. मेकॅनिक म्हणाला भास आहे. खोललं तर इंजिनाच्या माउंटिंगचा बोल्ट निम्मा तुटलेला. खालून थरथर आली की खालच्या वस्तूत दोष असतो.

आणि टँकरची शिडी टाकीला वेल्ड केलेली असते. ती हलत नाही. म्हणून मला फरक लगेच कळला. ज्याने आयुष्यात शिडीच बघितली नाही त्याला कळणार नाही.

उतरलो. हिला म्हटलं, बघितलंस, कशी खडखडत होती. ही म्हणाली, हो. मिटवताना तिनेच मिटवली. तिची बोटं काही कातरली गेली नाहीत.

शनिवार, ता. ८

पावसाचं वातावरण. पलंगावर पातेलं ठेवलं. आठ दिवस उरले. चढता आलं नाही तर काय, हा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि दिवसभर तोच केला.

सोमवार, ता. १०

शिडी परत नेली. बाईंनी ती दुकानात भिंतीला लावली, स्वतः सरसर सातव्या पायरीवर चढल्या, आणि तिथे उभं राहून गिऱ्हाइकाला खिळ्यांची मापं सांगत राहिल्या. शिडी हलली नाही. म्हणाल्या, "काका, आता तुम्ही." दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, तुमची फरशी सपाट आहे, माझ्या दारात खडी आहे. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग चष्मा डोळ्यांवर ओढून म्हणाल्या, खरंय, खडीवर फरक पडतो.

चार घड्यांची शिडी दिली. बिजागऱ्यांची. खाली आडवी रुंद पट्टी आहे, तिच्यामुळे पाया फाकतो. सगळ्या बिजागऱ्या लॉक झाल्यावरच चढायचं. या शिडीचं वजन दोन बादल्यांचं. घरी आणेस्तोवर तीनदा खाली ठेवली. पण वजनदार वस्तू हलत नाही, या विश्वासावर आणली.

निघताना बाई म्हणाल्या, "काकू चढतात का कधी?" मी म्हटलं, छे.

मंगळवार, ता. ११

गाडी काढून गॅरेजला नेली. उभी असताना स्टिअरिंगला बारीक थरथर असते. चालताना नसते, घट्ट धरलं की नसते, सिग्नलला थांबून हात नुसता चाकावर ठेवला की डाव्या बाजूने सुरू होते. मेस्त्रींना म्हटलं, माउंटिंग बघा. त्यांनी बघितलं, म्हणाले नवीन आहे. मग स्वतः बसून दहा मिनिटं गाडी चालू ठेवली. म्हणाले, लोण्यासारखी चालतेय. हल्लीच्या मेस्त्रींना बोटांत जीव नाही.

ही येताना शेजारी बसली होती. सिग्नलला तिने माझ्या डाव्या हातावर आपला हात ठेवला. भर रस्त्यात, या वयात. मी म्हटलं, लोक बघतात. म्हणाली, बघू देत. गंमत म्हणजे तेवढा वेळ स्टिअरिंग शांत होतं.

बुधवार, ता. १२

चार घड्यांचीही हलते.

खडी काढून फळी टाकली. बिजागऱ्यांचे आवाज मोजले. मास्तर एका बाजूला, ही दुसऱ्या बाजूला. मी पाचवीपर्यंत गेलो. चालत राहिलो तोवर ठीक, थांबलो आणि सुरू. खणखण ऐकू येत होतं, म्हणजे माझा भास नाही. मास्तर खालून म्हणाले की भौतिकशास्त्रात याला काहीतरी म्हणतात. मग गप्प झाले. मास्तर गप्प झालेले मी पहिल्यांदाच बघितले.

उतरल्यावर मी म्हटलं, अलीकडे मालच निकृष्ट येतो. मास्तर म्हणाले, हो हो, अलीकडे सगळंच तसं. नेहमी माझी टोपी उडवणारा माणूस माझ्या बाजूने बोलला की मला धसका बसतो.

हिने सीलंटची नळी उघडून बघितली आणि नाक धरलं. म्हणाली काय उग्र वास आहे. मला काही वास आला नाही. चांगल्या कंपनीचा असेल.

गुरुवार, ता. १३

शर्टाची बटणं नवीन प्रकारची आहेत, लवकर बसत नाहीत. बाकी काही नाही.

शुक्रवार, ता. १४

ताईचा फोन होता. ही अंगणात उभी राहून बोलत होती. आत आली आणि म्हणाली, ताईने आज दूधवाल्याला शेजारीण समजून घरातली सगळी खबर सांगितली. सांगताना हसली, मग हसू मध्येच थांबवून भांडी पुसायला लागली.

जेवताना म्हणाली, "मी बसने जाते."

मी म्हटलं, दोन दिवसांत छत होतंय. ती म्हणाली, पंधरा दिवस हेच ऐकतेय. हिशेबाने अकराच दिवस झाले होते, पण मी दुरुस्त केलं नाही. मग म्हणाली, "तुमची शिडी मिळेपर्यंत ती मला आवाजावरून ओळखायला लागेल." आणि उठून गेली. हिने बेचाळीस वर्षांत मला टोमणे पुष्कळ मारले, पण ते लागावेत म्हणून मारलेले नसायचे.

बसने ती एकटी गेली तर मी इथे काय करू? आणि छत मुलाने दुरुस्त केलं तर किल्ल्या त्याच्या खिशात जातील. एकदा किल्ल्या गेल्या की मग ‘बाबा, तुम्ही बसा’ सुरू होतं. मास्तरांच्या घरी बघितलं आहे. आधी स्कूटर, मग बँक, मग चहा करायची शेगडीसुद्धा.

शनिवार, ता. १५

उद्या येतो आहे. अकरापर्यंत पोचेल. मी आठलाच चढणार. तो फाटकातून आत येईल तेव्हा मी वर असेन, हातात सीलंटची नळी. वरूनच म्हणेन, ये, चहा घे.

शिडीला दोरीने बांधायचं ठरवलं. खाली फळी, बाजूला ही. थांबायचंच नाही, एका दमात वर. थांबलं की हलते, तर न थांबणं हाच उपाय.

टँकरवर पाच अंश थंडीत, ओल्या पायऱ्यांवर, डोळ्यांवर झापड असताना चढलो आहे. तेव्हा मनात एकदाही विचार आला नाही की पडेन. आता अंथरुणावर बसल्या बसल्या मनात पडतो.

रविवार, ता. १६

जसं घडलं तसं लिहितो.

आठला शिडी लावली. एका दमात सहावी पायरी गाठली. छताची कड छातीशी आली. आता एक हात सोडून कडेवर ठेवायचा होता. त्यासाठी थांबावं लागलं. आणि सुरू झालं, आधीपेक्षा जास्त. बिजागऱ्या वाजत होत्या. डावा पाय पायरीवर शिलाई मशीनच्या सुईसारखा चालला होता. वरही जाता येईना, खालीही.

मी म्हटलं, "हलतेय. नीट धर की."

ती म्हणाली, "धरलीय."

"मग हलते कशी?"

मग अगदी हळू, शेजारी ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "अहो, शिडी नाही हलत."

मी खाली बघितलं. तिने शिडीला कवटाळलं होतं, गाल दांडीला लावलेला. शिडीचे रबरी पाय फळीवर होते तिथेच होते. मी माझा पाय बघितला. बराच वेळ बघितला. दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

ती एकेक पायरी सांगत गेली, मी उतरलो. आता डावा. आता उजवा. जमीन लागली तेव्हा मी फळीवर बसून राहिलो. ती शेजारी बसली. मी विचारलं, कधीपासून माहीत आहे. म्हणाली, तुम्ही बशीतून चहा प्यायला लागलात तेव्हापासून. मी म्हटलं, ते दोन वर्षांपूर्वीचं. ती हो म्हणाली. मी म्हटलं, बोलली का नाहीस. तर म्हणाली, "तुम्ही दोष कपाला देत होतात, शिडीला देत होतात. म्हटलं, तोवर मला तरी नाही ना देत."

मग उठली आणि चपला काढून बूट घालून आली. मी म्हटलं, तू नाही चढायचंस. तिने ऐकलं नाही. मी शिडी धरली. ती चढली. चौथीवर मुद्दाम थांबली, माझ्याकडे बघितलं. शिडी वेल्ड केल्यासारखी उभी होती. मग छताच्या कडेवर गेली, आधी मी खालून दिलेली दुसरी फळी छतावर सरकवली, तिच्यावर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, सांगा आता.

मी खालून सांगत होतो. जुना सीलंट सगळा खरवड, कोपऱ्यातला राहतो. कापडाने पूस. नळीचं तोंड तिरकं काप. एकाच दिशेने ओढ, मागे पुढे नको. ती म्हणाली, "ओरडू नका, मी काही टँकर नाही." काम मी केलं असतं त्याहून साफ झालं. हे मी तिला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो.

मुलगा साडेदहालाच आला. फाटकातून त्याला आई छतावर दिसली आणि मी खाली शिडीला मिठी मारलेला. तो सरळ आत आला. शिडीची दुसरी बाजू धरली. ती उतरेपर्यंत आम्ही दोघं धरून होतो, एकमेकांकडे न बघता.

किल्ल्या मी स्वतः दिल्या. त्याने मागायच्या आधी. तो म्हणाला, राहू देत बाबा, आधी डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, घे. अडतीस वर्षांत मी दोष असलेली गाडी एकदाही रस्त्यावर आणली नाही.

मंगळवार, ता. १८

डॉक्टरांनी मला चालायला लावलं, बोटं वाजवायला लावली, एक ओळ लिहायला लावली. आजाराचं नाव हिने लिहून घेतलं, मी घेतलं नाही. गोळ्या आहेत. बरा होत नाही, आवरता येतो. कधीपासून, असं विचारल्यावर मी म्हटलं पंधरा दिवस, ही म्हणाली दोन वर्षं. डॉक्टरांनी हिचं लिहिलं. गाडी चालवायची का, हे मी विचारायच्या आत मुलाने विचारलं. गोळ्या लागू पडेपर्यंत नाही. पुढे बघू. ‘पुढे बघू’ हे शब्द मी ओळखतो. जुनी गाडी भंगारात काढायच्या आधी साहेब हेच म्हणत.

मुलाने आठ दिवसांची रजा टाकली आहे. तो चालवणार.

परत येताना हार्डवेअरच्या दुकानात थांबलो. चार घड्यांची शिडी परत केली. बाईंनी विचारलं, हीसुद्धा हलते का काका? मी म्हटलं, नाही, हिला उचलवत नाही. ही पुढे झाली. बाईंनी तिला तीन शिड्यांवर चढवून बघितलं. हिच्या पावलाला कोणती पायरी रुंद पडते, हात कुठवर पोचतो, एकटीला कोणती उचलता येते. शेवटी पहिलीच घेतली, एकात एक सरकणारी. जिला मी नावं ठेवली तीच. शिडी चढणाऱ्याच्या मापाने बघायची सोडून पंधरा दिवस मी माझ्या मापाने बघत होतो.

बाईंनी रबराच्या टोप्या बदलून दिल्या. मला म्हणाल्या, आणि धरायचं तुम्ही, आजोबा. मी दुरुस्त केलं नाही.

शुक्रवार, ता. २१

सकाळी सहाला निघालो. आयुष्यात पहिल्यांदा चालवणाऱ्याच्या शेजारी बसलो. ब्रेक नसलेल्या ठिकाणी दिवसभर पाय दाबत होतो. पोटऱ्या भरून आल्या. मुलगा गिअर उशिरा बदलतो. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मागून ही म्हणाली, "त्यांना एखादं बिस्कीट दे रे, तोंड गुंतून राहील."

दुपारी पाऊस लागला. मी मागे जाऊन झडपेखाली हात धरून उभा राहिलो. अर्धा तास. हात कोरडा. तरी विश्वास बसेना म्हणून उशी दाबून बघितली.

गोळ्यांनी काही फरक दिसत नाही. चारच दिवस झाले म्हणा.

शनिवार, ता. २२

पोचलो. पाचच्या सुमारास, उजेड चांगला होता. मी वाटेत सारखं घड्याळ बघत होतो, अंधार पडला तर ताईला काय दिसणार.

अंगणाच्या फाटकाशी एक झाड आहे, त्याची फांदी खाली आलेली. मी मुलाला म्हटलं, थांब, उंची दहा फूट धर. तो म्हणाला बसतंय. बसलं नाही. फांदी छतावरून खरडत गेली, अगदी झडपेच्या रेषेत. नवा सीलंट उपटला असेल तर राहू तेवढे दिवस इथल्या पावसात गळणार. मी म्हटलं, आत जायच्या आधी बघायला हवं. मुलगा म्हणाला, बाबा, मावशीला भेटू तरी द्या आईला. पण मला चैन पडेना, आणि हिला माहीत आहे की मला चैन पडलं नाही तर कोणालाच पडत नाही. म्हणाली, दोन मिनिटांचं काम आहे, काढा शिडी.

बारा टक्क मोजले. मी धरली. ती चढली, फळी सरकवून गुडघ्यांवर बसली, चौकटीवरून बोट फिरवलं. म्हणाली, ठीक आहे सगळं, चार पानं अडकलीत फक्त.

आवाज ऐकून ताई दारात आली. हाताने चौकट चाचपत. आधी माझ्याकडे बघितलं, मला ओळखलं नाही. मुलाकडे बघितलं, त्याला विचारलं, कोण हवंय. मग मान वर केली. छतामागे आकाश स्वच्छ होतं. डोळ्यांवर हात धरून बघत राहिली आणि म्हणाली, "वर कोण आहे ते?"

मी सांगायला तोंड उघडलं. पण ही आधी बोलली नाही, म्हणून मीही थांबलो. ही गुडघ्यांवर होती ती हळूहळू उठायला लागली. फळीवर उभं राहायचं नाही, हे मी तिला शंभर वेळा सांगितलं आहे. फांदीवरच्या पाण्याने छत ओलं झालं होतं. धरायला काही नव्हतं. एक पाय, मग दुसरा. पूर्ण उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर, आणि काही न बोलता तशीच थांबली, दिसण्यासाठी.

ओरडावंसं वाटलं. जीभ दाताखाली धरली.

ताई दोन पावलं पुढे आली. "धाकटे," ती म्हणाली, "मेले, या वयात पण छपरावर? उतर आधी. पाय मोडून घेशील."

"ओळखलंस?" ही वरून म्हणाली.

"न ओळखायला काय झालं. अजून तशीच उभी राहतेस, भांडायला आल्यासारखी. केस तेवढे पांढरे झालेत."

ही वर हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि फळीची कड तिच्या बुटापासून चार बोटं होती. मुलगा झडपेबद्दल काहीतरी विचारत होता, मला ऐकू आलं नाही. ती शिडीवर नव्हतीच, छतावर होती. तरी मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.